दिवसातून किती वेळा

सिस्टरांना दोन गोष्टींचा मनापासून राग होता. बाळाचं वजन चालू असताना काट्याला बोट लावणाऱ्या आज्या ही पहिली, आणि साधं सरळ बोलायचं सोडून कागदी भाषेत बोलणारी माणसं ही दुसरी. आज्यांचा बंदोबस्त त्यांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत करून टाकला होता. आरोग्य केंद्राच्या वजनखोलीत आज्यांना प्रवेशच नव्हता, त्या बाहेरच्या बाकावर बसून आतल्या सुनेला सूचना करत. कागदी माणसांना मात्र इलाज नव्हता, कारण ती वरच्या कार्यालयात बसत आणि तिथून फॉर्म पाठवत.

अशा सिस्टरांना एके दिवशी धाकट्या बहिणीचा फोन आला. ती आनंदाने इतकी भराभर बोलत होती की अर्धं ऐकूच येईना.

"अगं ताई, पोरीची निवड झाली! जागतिक आरोग्यात!"

"बरं झालं गं. कुठे जायचंय तिला?"

"तुझ्याकडे."

सिस्टरांनी खिडकीतून बाहेर बघितलं. समोर केंद्राची भिंत होती, भिंतीला टेकून मोडक्या खुर्च्या होत्या आणि त्यांतल्या एकीवर मांजर झोपलं होतं. जागतिक असं काही त्यांच्या नजरेला पडलं नाही.

भानगड अशी होती की विद्यापीठाने एक सूचना लावली होती. एम. ए., एम. एस्सी., काहीही करणाऱ्या मुलांनी अर्ज करावा, डॉक्टरच हवा असं नाही. निवडलेल्यांनी आठ आठवडे एकेका आरोग्य केंद्रात राहून काम करायचं. प्रत्येकाला वेगळा विषय, पण तीच कामं त्याच वेळी नऊ देशांतले विद्यार्थी आपापल्या भाषेत करणार होते. शेवटी प्रत्येक देशातून एकाला परदेशातल्या मुख्य कार्यालयात सहा महिने शिकायला जायला मिळणार होतं. बहिणीची मुलगी संख्याशास्त्र शिकत होती. सुई बघितली की डोळे गच्च मिटणारी ही पोरगी आरोग्यात काय दिवे लावणार, असं सिस्टरांना वाटलं. पण भाची ती भाची. त्यांनी पुढची खोली रिकामी केली.

भाची आली ती एक पिशवी, एक लॅपटॉप आणि भरमसाठ आकडे घेऊन. पहिल्याच आठवड्यात तिने केंद्रातल्या प्रत्येक गोष्टीचे टक्के काढले. सत्तर टक्के बायका दहानंतर येतात. चाळीस टक्के खुर्च्या बसण्यालायक नाहीत. औषधं देणारे गृहस्थ पंचवीस टक्के वेळ चहाला गेलेले असतात. त्या गृहस्थांना हे झोंबलं आणि त्यांनी तिचं नाव टक्के ठेवलं. आठवडाभरात पेशंटसुद्धा "टक्केताई आल्या का?" असं विचारायला लागले, आणि तिलाही ते आवडलं.

तिचं काम होतं प्रश्नावली भरून घ्यायचं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असलेल्या दोनशे बारा आया, आणि प्रत्येकीला तेवीस प्रश्न. सुरुवातीला ती उभ्याउभ्याच विचारायची, छातीशी कागद धरून. बायका एका शब्दात उत्तर देऊन मोकळ्या व्हायच्या. चार दिवस सिस्टरांनी मूग गिळले आणि पाचव्या दिवशी तिला बाजूला घेतलं.

"आधी खाली बस. मग तिला विचार, तू जेवलीस का. बाळाचं नंतर. बाळंत झाल्यापासून त्या बाईला तिचं स्वतःचं कुणी काही विचारलेलं नसतं."

"पण हा प्रश्न यादीत नाही, मावशी."

"म्हणूनच विचार."

टक्के खाली बसायला लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांत, दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कारखान्याच्या दारातल्या पाळणाघरात, सगळीकडे ती फतकल मारून बसायची. आधी आई, मग बाळ, मग कागद. एका बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता, तो तिच्या या यादीबाहेरच्या प्रश्नामुळे कळला. टक्के तिला रिक्षात घालून स्वतः घेऊन आली. येताना रक्त बघून पांढरीफटक पडली होती, पण बाईचा हात सोडला नव्हता. सिस्टरांनी त्या दिवशी तोंडावर काही कौतुक केलं नाही. बहिणीला मात्र फोन करून सगळं सांगितलं, आणि सांगताना स्वतःच्या पदरचं थोडं घातलंही.

घरी सिस्टरांचे यजमान होते. ते जन्मभर एका छापखान्यात प्रुफं तपासायचे, आता निवृत्त. सवय मात्र गेली नव्हती. औषधाच्या खोक्यावरच्या चुकासुद्धा ते लाल पेनाने दुरुस्त करत. भाचीचा अहवाल तपासून द्यायचं त्यांनी पहिल्याच दिवशी कबूल करून टाकलं होतं आणि तेव्हापासून तो कधी लिहून होतोय याची ते वाट बघत बसले होते.

सातव्या आठवड्यात अहवालाचा पहिला भाग तयार झाला आणि घरात महाभारत झालं.

रविवारी सकाळी टक्केने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि मावशीला बोलावलं. पडद्यावर एक आलेख होता. आया बाळाला किती वेळा अंगावर पाजतात त्याचा. आलेखाला शेजारीशेजारी दोन टेकड्या होत्या, एक पाच-सहाच्या आकड्यावर, दुसरी दहा-अकराच्या.

"एवढ्या लहान बाळाला साधारण आठ ते बारा वेळा पाजायला हवं," टक्के म्हणाली. "ही उजवीकडची टेकडी ठीक आहे. पण डावीकडे बघ. साठ टक्के आया. माझा अख्खा निष्कर्ष याच्यावर उभा आहे. आमचे सर म्हणाले, एवढं स्पष्ट चित्र बाकी कुणाचंच नाही. शुक्रवारी हे मांडलं तर जागा माझी, असं जवळजवळ सगळेच म्हणतायत."

सिस्टरांनी चष्मा लावला. दोन टेकड्यांखाली दोन शब्द लिहिले होते. उजवीकडे 'काळजी घेणाऱ्या' आणि डावीकडे 'दुर्लक्ष करणाऱ्या'.

"कोण दुर्लक्ष करणाऱ्या?"

"मावशी, तो नुसता गटाचा..."

"माझ्या बायका? साठ टक्के? एकतीस वर्षं मी घसा कोरडा केला तो काय भिंतीसमोर? अगं, त्या पोरांची वजनं मी स्वतः करते. उपाशी पोरांची वजनं अशी वाढतात का?"

"आकडे तसं सांगतायत."

"मग आकडे खोटं बोलतायत."

"आकडे कशाला खोटं बोलतील? त्यांना काय मिळणार आहे?"

यावर सिस्टरांचा राग दुप्पट झाला. पुढचे दोन दिवस मावशी आणि भाची एकमेकींशी फक्त मीठ आणि पाणी मागण्यापुरतं बोलल्या. काका दोघींच्या मधे वर्तमानपत्र धरून बसत.

मंगळवारी टक्केच्या शेवटच्या तीन मुलाखती होत्या. सिस्टर म्हणाल्या, "मीही येते. कोण दुर्लक्ष करते ते मला बघू दे." त्या तरातरा पुढे चालत होत्या आणि टक्के तिची पिशवी सावरत मागून येत होती.

पहिलीच बाई शिवणकाम करणारी होती. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, खिडकीशी मशीन, मशीनच्या पायाशी झोळी, झोळीत चार महिन्यांची मुलगी. मुलगी गुटगुटीत होती. मनगटाला वळ्या पडल्या होत्या. टक्के खाली बसली, आधी बाईची विचारपूस केली आणि मग कागद काढला. सिस्टर दाराशी पिठाच्या डब्यावर बसून कान टवकारून ऐकत होत्या.

"बाळाला दिवसातून किती वेळा पाजता?"

बाईने बोटं मोजली. "सहा. कधी पाच."

टक्केने आकडा लिहिला आणि मावशीकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते सिस्टरांना बरोबर कळलं. त्यांचा चेहरा पडला.

तेवढ्यात बाईने भलीमोठी जांभई दिली. "माफ करा हं ताई, झोपच होत नाही. रात्रभर ही मला सोडत नाही. अकराला, एकला, तीनला, पाचला. पाजून ठेवली की जरा डोळा लागतो, की पुन्हा हिचं सुरू."

टक्केचं पेन थांबलं. "म्हणजे रात्री चार वेळा पाजता?"

"चार तरी."

"पण आत्ता तुम्ही सहा म्हणालात!"

"अहो, तुम्ही दिवसाचं विचारलंत ना!" बाई म्हणाली. "रात्रीचं कुठे विचारलंत?"

सिस्टर पिठाच्या डब्यावरून ताडकन उठल्या.

"बघ! ऐकलंस? सहा आणि चार किती झाले? दहा! काढ आता तुझे टक्के! दुर्लक्ष म्हणे! अगं, या बायका रात्री चार-चार वेळा उठतात आणि कुणी विचारलं नाही म्हणून सांगतसुद्धा नाहीत!" त्यांनी शिवणकामवालीच्या पाठीवर अशी थाप मारली की ती बिचारी दचकली. "शाब्बास पोरी!"

जिना उतरतानाही त्यांची गाडी थांबली नाही. "कुठल्या शहाण्याने लिहिलाय हा प्रश्न? दिवसातून म्हणे! आयांना कधी उजाडलं आणि कधी मावळलं तेवढंच कळतं, त्यांच्यासाठी दिवस तो दिवस आणि रात्र ती रात्र. सरळ चोवीस तासांत म्हणायला काय..."

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या थांबल्या. कठडा धरला. टक्के दोन पायऱ्या खाली गेली होती, ती वळून बघायला लागली.

"काय झालं मावशी? चक्कर येतेय का?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "चल, उशीर होतोय."

पण उरलेल्या दोन मुलाखतींत त्यांचं लक्ष फक्त टक्केच्या हातातल्या कागदावर होतं.

घरी आल्यावर त्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. कपाटाचा खालचा खण उघडला, जुन्या कागदांचा गठ्ठा बाहेर काढला आणि त्यातला एक कागद टेबलावर ठेवला. दोन वर्षांपूर्वी वरच्या कार्यालयाने याच प्रश्नावलीचं भाषांतर केंद्रात पाठवलं होतं. शब्द बायकांना कळतील का ते अनुभवी सिस्टरांनी बघावं, असं सोबतच्या पत्रात म्हटलं होतं. अकरावा प्रश्न छापला होता तो असा: 'मागील चोवीस तासांत बाळाला किती वेळा स्तनपान दिले?' त्यावर काट मारून सिस्टरांच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'बाळाला दिवसातून किती वेळा पाजता?' आणि बाजूला लाल पेनाने काकांचा शेरा होता, 'उत्तम'.

"हा शब्द माझा आहे," सिस्टर म्हणाल्या. "चोवीस तास कोण बोलतं, म्हटलं. मीच शहाणपणा केला. आणि फोनवर तुझ्या आईला सांगितलं होतं की, बघ, वरच्या लोकांना मी भाषा शिकवली."

काकांनी कागद जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. "वाक्य मात्र सुटसुटीत झालं होतं," ते हळूच म्हणाले. मग बायकोकडे बघून त्यांनी कागद खाली ठेवला.

टक्केने ती ओळ पुन्हा वाचली. "हा फॉर्म किती केंद्रांत वापरला, मावशी?"

"आपल्या भागातल्या चौदा. दोन वर्षं."

"म्हणजे उजवी टेकडी ज्यांनी सगळं मोजलं त्यांची, आणि डावी ज्यांनी फक्त उजेडातलं मोजलं त्यांची. दोन प्रकारच्या आया नव्हत्याच. एकाच शब्दाचे दोन अर्थ होते." तिने कपाळाला हात लावला. "आणि शुक्रवारी मी साठ टक्के आयांना दुर्लक्ष करणाऱ्या म्हणणार होते. नऊ देशांसमोर."

"शुक्रवार," काका म्हणाले. ते बायकोकडे बघून बोलत होते, भाचीकडे नाही. "अहवाल जसा आहे तसा दिला तर कुणाला काय कळणार आहे? नंतर करता येईल दुरुस्ती. पोरीची जागाही जाणार नाही आणि या कागदावर तुझी सहीसुद्धा नाही."

ते वाईट माणूस नव्हते. त्यांना दोघींचं भलं हवं होतं, एवढंच. सिस्टरांनी मान खाली घातली. खरं सांगायचं तर क्षणभर त्यांनाही ते पटलं. एकतीस वर्षं कुणी बोट दाखवलं नव्हतं आणि निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

"मला ते जमणार नाही, काका," टक्के म्हणाली. "मी खरं आहे तेच सांगणार. पण मावशी, तुझं नाव मी घेणार नाही. शब्द कुणी बदलला याने आकडे बदलत नाहीत. आणि यावर चर्चा नको."

बुधवारी आणि गुरुवारी तिने डाव्या टेकडीतल्या वीस आया पुन्हा गाठल्या. नवा प्रश्न सिस्टरांनी तिला करून दिला आणि या वेळी आधी शेजारच्या पाच जणींना विचारून बघितला: 'काल या वेळेपासून आत्तापर्यंत, रात्रीचं धरून, बाळाला किती वेळा पाजलंस?' उत्तरं आली नऊ, दहा, बारा, अकरा. वीस जणींची सरासरी दहाच्या वर गेली. गुरुवारी संध्याकाळी टक्केने तो आकडा मोठ्याने वाचला तेव्हा सिस्टर कणीक मळत होत्या. त्यांनी मळणं थांबवलं नाही, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या बायका, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या.

शुक्रवारी विद्यापीठाच्या सभागृहात पाच विद्यार्थी आपापलं काम मांडणार होते. ज्या केंद्रांत काम झालं तिथल्या लोकांनाही बोलावलं होतं. सिस्टर शेवटून दुसऱ्या रांगेत बसल्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. समोरच्या मोठ्या पडद्यावर बाकीच्या आठ देशांतली माणसं आपापल्या चौकोनात बसली होती आणि मधल्या चौकोनात, त्या आठांतल्याच एका देशातून, मुख्य कार्यालयातल्या पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. एक विद्यार्थिनी दोन्हीकडचं बोलणं भाषांतर करून सांगत होती.

टक्केच्या आधी दातांचं शिकणाऱ्या एका मुलाने पाण्यावरचं काम मांडलं. काम चोख होतं. मग टक्के उभी राहिली. तिने दोन टेकड्यांचा आलेख दाखवला आणि म्हणाली, "हा आलेख चुकीचा आहे." सभागृहात चुळबुळ झाली. तिने शब्दाची गोष्ट सांगितली, वीस आयांचे नवे आकडे दाखवले आणि शेवटी म्हणाली, "दोनशे बारा मुलाखती पुन्हा कराव्या लागतील. तोवर माझ्याकडे निष्कर्ष नाही."

तिचे सर उठले. माणूस चांगला, पण चांगल्या आलेखावर त्यांचाही जीव जडला होता. "मूळ प्रश्नात चोवीस तास आहेत. मग बदलले कुणी?"

"ते महत्त्वाचं नाही, सर. फॉर्म मी वापरला. वापरण्याआधी तपासायची जबाबदारी माझी होती."

"म्हणजे सात आठवडे तू न तपासलेला फॉर्म घेऊन फिरलीस?"

"हो."

"हा निष्काळजीपणा आहे, हे तुला कळतंय ना?"

"कळतंय, सर."

ती ताठ उभी होती. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या होत्या. निष्काळजीपणा हा शब्द सिस्टरांना लागला. ज्या पोरीने रक्त बघून घेरी येत असताना परक्या बाईचा हात सोडला नाही, तिला हा शब्द? आणि तोही आपल्यामुळे? बस खाली, असं त्यांनी स्वतःला दोनदा बजावलं, आणि तिसऱ्यांदा बजावायच्या आत त्या उभ्या होत्या.

"साहेब, तो शब्द माझा आहे."

सगळ्या माना मागे वळल्या. पर्स खाली पडली, ती उचलायला त्या वाकल्या नाहीत.

"मी त्या केंद्राची सिस्टर. फॉर्म मी बदलला, दोन वर्षांपूर्वी, माझ्या हाताने. मला वाटलं, चोवीस तास घड्याळात असतात, बाळंतिणीच्या खोलीत नसतात. बाळंतिणीची भाषा मला वरच्यांपेक्षा जास्त कळते, अशी मला घमेंड होती. कळतेही. पण मी तो शब्द एकाही बाळंतिणीला विचारून बघितला नाही. ही मुलगी वेगळ्या विषयाची आहे, हिला सुईची भीती वाटते. पण सात आठवडे ती त्या बायकांसमोर खाली बसली, म्हणून त्या तिच्यासमोर जांभई द्यायला मोकळ्या झाल्या. ती जांभई आली नसती तर माझी चूक आणखी वीस वर्षं टिकली असती. निष्काळजी म्हणायचं तर मला म्हणा. हिला नाही."

भाषांतर करणारी मुलगी भराभर सांगत होती. पडद्यावरच्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी ते ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि आपल्या शेजारी बसलेल्या कुणाला तरी स्वतःच्या भाषेत काहीतरी विचारलं. शेजारीण बोटांवर मोजत काही म्हणाली आणि हसायला लागली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"त्या म्हणतायत," भाषांतर करणारी मुलगी म्हणाली, "आमच्याकडेही तसंच आहे. आम्हीही शब्द सोपा केला होता."

एका चौकोनातून एक हात वर झाला. मग दुसऱ्यातून. आपला देश धरून नऊपैकी चार देशांत दिवस हा फक्त उजेडाचा होता.

अभ्यास त्याच दिवशी सगळीकडे थांबवला गेला. प्रत्येक देशाने प्रश्न आधी दहा आयांना विचारून बघायचा आणि मगच वापरायचा, असं ठरलं. त्याबद्दलचं पत्र टक्केने लिहावं, असं पांढऱ्या केसांच्या बाईंनी तिला स्वतः सांगितलं. पण जागा मिळाली दातांच्या मुलाला. नियम साफ होता, पूर्ण झालेल्या कामाला जागा. टक्केने त्याच्याशी हात मिळवला, मनापासून.

परतीच्या वाटेवर सिस्टर बसमध्ये तिच्याशेजारी बसल्या होत्या. तीन थांबे गेल्यावर त्या म्हणाल्या,

"माझ्यामुळे गेली तुझी जागा."

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो, मावशी. आणि सर जिन्यात म्हणाले, उरलेल्या मुलाखती झाल्या की प्रबंध याच्यावरच कर."

"आईला काय सांगशील?"

"सांगितलं. मगाशीच फोन केला."

"रडली?"

"आधी रडली. मग विचारलं, ताई भर सभेत उभी राहिली? नक्की आपली ताई? मग परत रडली, पण ते वेगळं रडणं होतं." टक्केने बाहेर बघत मावशीच्या हातावर हात ठेवला. "मीही तिथे रडले असते. पण सर समोर होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर पत्र लिहून झालं. नऊ देशांना जायचं होतं ते. शब्द साधे होते आणि वाक्यं छोटी. काका चष्मा सरसावून तयारच होते. त्यांनी तीन वेळा वाचलं आणि एका स्वल्पविरामापलीकडे त्यांना काही सापडलं नाही. त्याचं त्यांना जरा वाईटही वाटलं. मग त्यांनी पत्र बायकोपुढे सरकवलं.

सिस्टरांनी ते सावकाश वाचलं. आपण काय चुकलो, ते त्यात लपवलेलं नव्हतं. शिवणकामवालीची जांभई होती, वीस जणींचे आकडे होते, नवा प्रश्न होता. तळाशी दोन नावं होती. वर सिस्टरांचं, त्याखाली भाचीचं.

"हे उलट झालंय," त्या म्हणाल्या. "पत्र तू लिहिलंस. शोधून तू काढलंस. तुझं नाव वर हवं."

"चूक आधी कुणी केली?"

"मी."

"मग नाव आधी तुझंच येणार. क्रम म्हणजे क्रम."

काका खो खो हसत सुटले आणि त्यांना ठसका लागला. सिस्टरही हसल्या, डोळे पुसले, पुन्हा त्या दोन नावांकडे बघत राहिल्या. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो बाळांना लस टोचली होती, कित्येक बाळंतिणी सुखरूप घरी पाठवल्या होत्या, आणि त्यातल्या एकाही बरोबर गोष्टीचा त्यांना कधी एवढा अभिमान वाटला नव्हता, जेवढा आज या चुकीखालच्या आपल्या नावाचा वाटत होता.